जईची पाटवडी

"हार्ट अटॅक आहे," डॉक्टर म्हणाले. पण म्हणाले ते कुसुमकडे बघून. खाटेवर मी होतो, छाती माझी दुखत होती, मी पूर्ण शुद्धीत होतो, आणि बातमी मात्र माझ्या बायकोला! तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढंच असतं तर मला सांगायला काय हरकत होती?

माझ्या ईसीजीची लांबलचक पट्टी त्यांच्या हातात होती. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावर काढलेला आलेख. त्यांनी एका ठिकाणी पेन टेकवलं आणि म्हणाले, "मायोकार्डियल इन्फार्क्शन." याचा अर्थ मला नंतर कळला. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी नळी बंद पडते आणि तेवढा स्नायू उपाशी मरतो. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, उरलेल्यावर भागवायचं असतं.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती आणि कापसाचा हंगाम सुरू झाला होता. मी देवळीच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. आलेल्या गाडीतला कापूस बघायचा आणि त्याची प्रत ठरवायची, हे माझं काम. वरचा थर बघून प्रत ठरवणारा ग्रेडर हंगामभर फसतो. वर पांढराशुभ्र वाळलेला कापूस आणि खाली ओला, कवडी म्हणजे किडका-डागाळलेला कापूस मिसळलेला, हे रोजचंच. म्हणून मी गाडीत कोपरापर्यंत हात घालायचो. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. कुसुमने भाजी ताजी आहे म्हटलं तरी मी जुडी उलटी करून बघायचो.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर एक लक्षात ठेवा. मला तीन दिवस आधी सूचना मिळाली होती. डावा हात जड झाला, जबडा दुखला, थंडीत घाम फुटला. मी वांग्याच्या भरताला दोष दिला आणि ओवा चावत वजनकाट्याजवळ उभा राहिलो. चौथ्या दिवशी एका गाडीत हात घातला तो बाहेर काढायच्या आत खाली बसलो. हमालांनी जीपमध्ये घालून मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. अशी सूचना मिळाली तर तुम्ही ओवा चावू नका, डॉक्टर गाठा.

दवाखान्यात मी अठरा दिवस होतो. पहिले पाच दिवस कूस बदलायचीही मनाई. मग रोज रक्तदाब, रोज ईसीजी, एक दिवसाआड रक्त. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघालं. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, तिचा थर नळ्यांच्या आत बसतो. मी रोज विचारायचो, "डॉक्टर, कसं आहे?" ते रोज म्हणायचे, "सुधारतंय, काळजी करू नका." ज्याची काळजी करायची नाही त्याचं रोज रक्त कशाला काढतात, हे मला कोणी सांगेना.

माझा संशय पक्का केला तो सफरचंदांनी. आमच्या भागात तेव्हा धडधाकट माणूस सफरचंद खात नसे. पेरू खायचा, बोरं खायची, संत्री तर पोत्याने. सफरचंद विकायची गाडी दवाखान्याच्या फाटकासमोरच उभी असायची आणि ते फळ घरात आलं की शेजारी विचारायचे, "कोन बिमार हाये?" माझा साडू नामदेवराव रोहण्याला शेती करतो. पंचवीस वर्षांत त्याने माझ्या घरी कधी एक काकडी आणली नव्हती. तो सहा सफरचंदं घेऊन आला, माझ्या उशाशी ठेवली आणि म्हणाला, "ग्रेडरसाहेब, खाजो बरं. काई लागलं तं सांगजो." त्याचे डोळे ओले होते. तो गेल्यावर मी कुसुमला म्हटलं, "ह्याले काय सांगतलं डॉक्टरनं?"

"काई नाई सांगतलं."

"मंग हा रडला काऊन?"

"मानूस आहे तो, आलं रडू," कुसुम म्हणाली आणि सफरचंद कापायला घेतलं. मी तोंड फिरवलं. एकही फोड खाल्ली नाही.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी खाण्याची यादी दिली. तळलेलं नाही, लोणी-तूप नाही, अंड्यातलं पिवळं नाही, मटण तर नाहीच. सकाळी ओट्स. ओट्स म्हणजे काय, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जई. त्यातला चोथा कोलेस्टेरॉल खाली आणतो." शेजारच्या खाटेवर कारंज्याचे एक म्हातारबुवा होते. तरुणपणी ते कामठीच्या छावणीत घोड्यांची देखभाल करायचे. डॉक्टरांची पाठ वळताच ते म्हणाले, "जई? अरे बापा, ते तं आमी घोड्याले देत होतो!" आणि खोकला येईपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. माणसासाठी काही करण्यासारखं उरलं नाही, म्हणून आता घोड्याचं खाणं देऊन बघताहेत, असंच मला वाटलं.

नामदेवरावांनीच नागपूरहून जईचे दोन डबे आणून दिले. पहिल्या दिवशी कुसुमने ती दुधात शिजवून दिली. पांढरा, चिकट, बेचव लगदा. मी दोन चमचे खाऊन वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिकडे भेटायला येणाऱ्यांची सफरचंदं टोपलीत सुरकुतत होती, त्यांनाही मी हात लावत नव्हतो. कुसुम एका खेड्यातल्या शाळेत मास्तरीण होती. शाळा सकाळची आणि बस साडेसहाची. माझ्या विनवण्या करत बसायला तिला वेळ नव्हता.

मग एका बुधवारी दुपारी घरात वेगळाच वास आला. कलमीचा. कलमी म्हणजे ज्याला तुमच्याकडे दालचिनी म्हणतात. आमच्या घरी ती फक्त मटणाच्या मसाल्यात पडायची, त्यामुळे मी आनंदाने उठून बसलो. कुसुमने ताटलीत दोन तांबूस चौकोनी वड्या आणून ठेवल्या, आपण बेसनाची पाटवडी कापतो तशा. कडा खमंग, आतून मऊ, मधे काहीतरी आंबटगोड. मी दोन्ही खाल्ल्या. मग विचारलं, "कायची आहे?"

"खाल्ल्यावर काऊन विचारता?" ती म्हणाली आणि हसली.

मसाल्याचा वास जास्त म्हणजे खालचा माल खराब, हा माझा हिशोब. मी तिसरी वडी मागून घेतली आणि बोटांनी फोडून बघितली. आत जई होती आणि सफरचंद होतं. घोड्याचं आणि मरणाऱ्याचं, दोन्ही खाणं तिने एकत्र करून मला चारलं होतं. मी चिडलो, पण खरं सांगायचं तर तिसरीही खाल्ली.

ही युक्ती तिला दवाखान्यातल्या मल्याळी सिस्टरने शिकवली होती. सिस्टर लहानपणी मिशनच्या वसतिगृहात राहिलेल्या, तिथल्या स्वयंपाकघरात हे मोठ्या थाळ्यात घालून भट्टीत भाजत. "सुबह टाइम नहीं मिलता ना बाई? पहले से बनाके रखो," असं त्यांनी सांगितलं होतं. आमच्या घरी कुठली भट्टी? पण उन्हाळ्यात आपलंच पीठ-साखर-तूप नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणायची रीत देवळीत घरोघरी होती. कुसुम तशीच थाळा घेऊन रफिकभाईंच्या बेकरीत गेली. त्यांनी थाळ्यात डोकावून विचारलं, "क्या है ये बाई, केक है क्या?" ती म्हणाली, "दवाई समजा."

ज्यांना करून बघायची त्यांच्यासाठी सांगतो. दोन वाट्या जई, तीन वाट्या साय काढलेलं दूध, दोन सफरचंदं सालासकट किसून, एक पिकलेलं केळं कुस्करून, लिंबाएवढा गूळ, चमचाभर कलमीची पूड, चिमूट मीठ आणि चिमूट सोडा. सगळं कालवून तासभर ठेवायचं. थाळ्याला जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं. दुपारी तीनच्या सुमारास पाव बाहेर निघालेले असतात आणि भट्टी जरा निवलेली असते, तेव्हा थाळा आत सरकवायचा. पाऊण तासात कडा सुटतात. पूर्ण थंड झाल्याशिवाय कापायची नाही, नाहीतर भुगा होतो. आमच्याकडे फ्रिज नव्हता, पण थंडीत जाळीच्या कपाटात, पाण्याच्या परातीत डबा ठेवला की चार दिवस टिकायची. बुधवारी आणि रविवारी थाळा भाजायचा. सकाळी ती बसला निघून जायची आणि मी उठून दोन वड्या, वर कोमट दूध, अशी न्याहारी करायचो.

महिन्याभरात मी अंगणात फेऱ्या मारू लागलो. छातीत दुखत नव्हतं. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असायची, ती एकदाही लागली नाही. मग संशय कमी व्हायला हवा होता. उलट वाढला, कारण कुसुम बदलली होती.

मला ती स्टोव्ह पेटवायला शिकवू लागली. जई किती, दूध किती, हे माझ्याकडून वदवून घेऊ लागली, शाळेतल्या पोरांकडून पाढे म्हणून घेतात तसं. एका रविवारी तिने मला थाळा घेऊन एकट्यालाच बेकरीत पाठवलं. "तुमाले आलं पाह्यजे," एवढंच म्हणाली. दोनदा ती शाळेतून परस्पर वर्ध्याला गेली. माझ्या गोळ्या आणायला, असं सांगितलं. गोळ्या तर देवळीतही मिळायच्या. परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता आणि उंबऱ्यातच बसली. मी विचारलं, "डॉक्टर भेटले काय?" ती म्हणाली, "गर्दी होती." प्रश्न एक आणि उत्तर दुसरं. अशा गाडीवाल्यांना मी वीस वर्षं ओळखत होतो.

आता मला खात्रीच झाली. डॉक्टरांनी तिला माझे दिवस सांगितले असणार, आणि तोंडाने हसत ती ते एकटीच मोजत असणार. मला मरणाची भीती वाटत होती हे मी कबूल करतो. पण त्याहून जास्त राग येत होता तो ज्या माणसाबरोबर पंचवीस वर्षं जेवलो त्याने माझ्याशी खोटं बोलावं याचा.

पौषात शांताताई आल्या. शांताताई म्हणजे कुसुमची मोठी बहीण, नामदेवरावांची बायको. दुपारी दोघी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी खिडकीशी पडलो होतो, त्यांना वाटलं झोपलोय.

शांताताई म्हणाल्या, "काढून टाक ना एकदाची पिशवी. कायले लांबवतं?"

"संक्रांतीनंतर काढू," कुसुम म्हणाली.

"आन् त्याईले कधी सांगशीन?"

"आत्ता नाई. धक्का बसू देऊ नोका म्हनलं ना डॉक्टरनं."

माझं हृदय धडधडायला लागलं. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे खुंटीला खादीची पिशवी लटकत होती. माझे सगळे रिपोर्ट, ईसीजीच्या पट्ट्या, दवाखान्याचं कार्ड, सगळं त्यातच होतं. घरात आम्ही तिला नुसतं 'पिशवी' म्हणायचो. डॉक्टरांकडे जायचं झालं की कुसुम म्हणायची, "पिशवी काढा." म्हणजे त्या पिशवीत असं काहीतरी होतं, जे संक्रांतीनंतर मला दाखवायचं ठरलं होतं. सण तरी सुखाने जाऊ द्यावा, एवढी दया त्यांनी माझ्यावर केली होती.

दुसऱ्या दिवशी शांताताई पहिल्या गाडीने रोहण्याला गेल्या आणि कुसुम शाळेत. मी खुर्ची ओढून पिशवी काढली. वरची पट्टी माझी, कार्ड माझं, रक्ताचे कागद माझे. मी हात तळाशी घातला. तळाला एक घडी घातलेला कागद होता, त्याच दवाखान्याचा, पण वर नाव कुसुमचं.

आता माझ्या डोक्याची कमाल ऐका. पहिला विचार काय आला? मला कळू नये म्हणून माझाच रोग तिने स्वतःच्या नावावर लिहून आणलाय! मी तो कागद तीन वेळा वाचला. वय त्रेचाळीस, स्त्री. हिमोग्लोबिन सहा. फायब्रॉइड युटेरस. हिस्टरेक्टॉमी. शेवटी बायोप्सी. इंग्रजी मला कामापुरतं यायचं, त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. पण बायोप्सी कळला. वॉर्डातल्या एका माणसाची केली होती, कॅन्सर आहे का ते बघायला.

कुसुम दीडच्या बसने आली. मी कागद हातात धरून दारातच बसलो होतो. तिने तो पाहिला, चप्पल काढली, पाणी प्यायली आणि समोर जमिनीवर बसली. मग सांगितलं. दोन वर्षांपासून पाळीत खूप रक्त जात होतं. महिन्यातले दहा-दहा दिवस. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, त्यांना फायब्रॉइड म्हणतात. रक्त जाऊन जाऊन अंगातलं निम्मं उरलं होतं. गर्भाशय काढावं लागणार होतं, त्या ऑपरेशनला हिस्टरेक्टॉमी म्हणतात. बायका आपसात त्याला पिशवी काढणं म्हणतात. मला ते ठाऊकच नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता, की पडला आणि मी ऐकला नाही, देव जाणे.

काढलेल्या गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय ती साधी आहे की वाईट, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. आणि ती दवाखान्यात पडली तर माझ्या न्याहारीचं काय, म्हणून तिने मला जई कालवायला शिकवलं होतं.

मी ओरडलो. ओरडायला नको होतं. "मले काऊन नाई सांगतलं?"

ती पण चिडली. मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सांगतलं असतं तं इश्वास ठेवला असता काय तुमी? म्हनले असते, हे माह्याच रोगाचं काईतरी झाकून राह्यली! अठरा दिवस मी खालच्या फरशीवर झोपली, आन् तुमी माह्या तोंडाकडं चोरासारखं पाहून राह्यले!"

कागद वाचताना मी नेमकं तेच म्हटलं होतं, हे तिला तेव्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही. आजही मला त्या दुपारची लाज वाटते.

ऑपरेशन संक्रांतीपर्यंत थांबवलं नाही. पण आधी रक्त चढवायला हवं होतं. तीन बाटल्या लागणार होत्या आणि माझं रक्त घेता येत नव्हतं. नामदेवराव रोहण्याहून आले, एक बाटली त्यांनी दिली. दोन रफिकभाईंच्या बेकरीतल्या कामगारांनी दिल्या. मी त्यांना बोलावलंही नव्हतं. थाळा भाजायला गेलो आणि रफिकभाईंनी विचारलं, बाई का आल्या नाहीत, म्हणून सांगितलं, एवढंच. ज्या साडूच्या रडण्यावर मी शंका घेतली त्याचं रक्त माझ्या बायकोच्या अंगात गेलं. मी त्याचे हात धरले तेव्हा तो म्हणाला, "असं काऊन करता ग्रेडरसाहेब, घरचंच आहे ना!"

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर अडीच तास बसलो. खिशात गोळी होती आणि डब्यात मी केलेली पाटवडी होती. ती थोडी करपली होती. आजारी माणसापेक्षा बाकावर बसलेल्याचं दुखणं मोठं असतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या वेळी कुसुम अशाच एका बाकावर एकटी बसली होती, आणि तिच्या अंगात तेव्हा निम्मंच रक्त होतं. आपण खाटेवर पडलेले असताना उशाशी बसणारा माणूस जेवला का, त्याचे पाय सुजलेत का, तो जिन्यात मधेच थांबतो का, हे विचारा. मी विचारलं नाही. मी फक्त तो काय लपवतोय ते शोधत होतो.

ऑपरेशन नीट झालं. तुकडा नागपूरला गेला. उत्तर यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी रोज सकाळी कुसुमला दोन वड्या आणि दूध भरवलं. ती म्हणायची, "गूळ जास्त झाला." मी दुसऱ्या खेपेला कमी टाकायचो. मग म्हणायची, "आता कमी झाला."

तेराव्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. या वेळी बातमी मला सांगायची होती आणि रोगी बाहेर होता. "साध्या गाठी आहेत. कॅन्सर नाही," ते म्हणाले. मी सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग रिपोर्ट मागितला, शब्दन् शब्द वाचला, न कळलेले विचारले. त्यांनी न कंटाळता सांगितले. त्या डॉक्टरांचे, त्या मल्याळी सिस्टरचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

वॉर्डात कुसुम उशीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "साध्या गाठी होत्या. काई नाई." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही विचारणार, खरं सांगता ना? विचारायचा तिला पूर्ण हक्क होता. धक्का बसू नये म्हणून माणसं किती सहज खोटं बोलतात, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? मी घाईने रिपोर्ट तिच्यापुढे धरला. "हे पाहा, वाचून घे. तुले इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येते."

तिने कागद घेतला. उघडला नाही. होता तशा घडीत माझ्या हातात परत दिला.

"तुमी वाचलं ना?" ती म्हणाली. "मंग झालं."

मी तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसलो आणि सगळ्या वॉर्डासमोर रडलो.